घर दिसेनासं होईपर्यंत

आमच्या आबांचं एकादशीशी फार सख्य. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत ते जितक्यांदा माझ्याकडे आले तितक्यांदा नेमकी एकादशी होती. साजगावला सासरच्या घरी आले तेव्हा एकादशी. मला कावीळ झाली म्हणून धावत आले तीही एकादशीच. शेलूला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचा मुहूर्त आम्ही एकादशी सोडून पाहिला, तर ताटं मांडल्यावर आबा म्हणाले, आज माझा गुरुवार. आबांनी गुरुवार कधी धरला ते आईलाही ठाऊक नव्हतं.

कारण सगळ्यांनाच माहीत होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोणी फारसं पाळत नाही. माझे सख्खे चुलते लेकीच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिच्याकडे जाऊन पुरणपोळ्या हाणून आले. आबा मात्र पाळतात. तोंडावर नाही म्हणून माझं मन दुखवायला नको, म्हणून पंचांग पाहून येतात. आणि मला मूल नाही.

मला एवढंच हवं होतं, की एकदा आबांनी माझ्या घरी, मी वाढलेल्या ताटावर, पोटभर जेवावं.

यंदा पाडवा झाला आणि आईनं जाहीर केलं, ज्वारी घरात आली, कांदा निघाला, आता मी आठ दिवस अक्षदाकडं चालले. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर म्हशीजवळ बसा. आबा आले. माझे यजमान निलेश, त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि बोट ठेवून मला दाखवलं, की या आठ दिवसांत एकादशी एकच हाय, मामा बाकीच्या दिवसांचं काय करतात ते आपण नुसतं बघायचं.

शेलू कर्जत तालुक्यातलं, आणि माझं माहेरही कर्जतच, पण ते नगरकडचं. कर्जतची पोर कर्जतला दिली, पत्ता बदलायची कटकट नाही, असं आई सगळ्यांना सांगते. आमच्या त्या कर्जतच्या बाजूला सगळं सपाट. उंच म्हणजे कडब्याची गंज. आबांनी अख्ख्या आयुष्यात त्याहून उंच काही चढलेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आल्याआल्या मी तांब्याभर पाणी पुढं केलं. आबांनी तांब्याला हात लावून नमस्कार केला, पोचलं म्हणाले, आणि लिफ्ट कुठं आहे ते विचारलं. आमचं घर सातव्या मजल्यावर. आबा खाली गेले. तिथं वॉचमनच्या टेबलाशेजारी सोसायटीचा कूलर आहे. पोपट म्हणून वॉचमन आहे, त्याला आबांनी आधी विचारलं, पाणी कोणाचं? पोपट म्हणाला, सोसायटीचं. आबांचं समाधान झालं, पण पोपटला वाटलं आणखी नीट सांगावं, म्हणून तो म्हणाला, मेंटेनन्स सगळेच भरत्यात, तुमचे जावई पन भरत्यात. झालं. आबा ग्लास हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पाणी प्यायलं आणि तळाशी एक घोट ठेवला. तो घोट लेकीच्या हिश्श्याचा. तो त्यांनी बाहेरच्या जास्वंदीला घातला. पुढं रोज, दिवसातून आठदहा वेळा, आबा लिफ्टनं खाली जात, पाणी पीत आणि जास्वंदीला घोटभर घालत.

त्या रात्री ते वाटेत जेवूनच आले होते. खरी अडचण सकाळी आली, आणि ती माझ्यामुळे आली. माझाही एक नेम आहे. घरात पाहुणा असेल तर तो जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. एका चातुर्मासात धरला होता. चातुर्मास संपला, पण त्याचं उद्यापन करायचं राहून गेलं, आणि उद्यापन नाही म्हणजे नेम चालूच, म्हणून तो चालत राहिला. एरवी त्रास काहीच नाही. पाहुणा जेवतो, मग मी जेवते. पाहुणा जेवतच नसेल तर काय करायचं याचा विचार नेम धरताना केला नव्हता.

मी थालीपीठं लावली. आई टेबलाशी बसून लोण्याबरोबर दोन खाऊन मोकळी झाली. नेम त्यांचा हाये, माझा नाही, मी त्यांचं नाव घेत नाही तेवढं पुरे झालं, असं तिचं म्हणणं. आबा गॅलरीत उभे राहून माथेरानच्या डोंगराकडे पाहत होते. थालीपिठाचा वास गॅलरीत जातच होता. शेवटी ते आत आले आणि म्हणाले,

"अक्षे, आपण जरा फिरून येऊ. शिदोरी बांधून घे."

मी विचारलं, शिदोरी तरी माझ्याच तव्यावरची ना? त्यावर आबांनी निकाल दिला. गावात भांडणं मिटवायला बसायचे ना, ती सवय. शिदोरी घराची नसते, वाटेची असते. एकदा उंबरा ओलांडला की अन्न वाटसराचं. पण वाटेला लागलो म्हणजे खरंच लागलं पाहिजे. घर दिसतंय तोवर घरच.

हा शेवटचा नियम त्यांनी स्वतःच केला आणि स्वतःच त्यात अडकले. आम्ही डबा घेऊन उल्हास नदीकडे निघालो. शेतांतून चाललो, बांधावरून चाललो, आबा मागं वळून बघत होते आणि आमची बिल्डिंग प्रत्येक वेळी तिथंच उभी होती. या पट्ट्यात बिल्डिंगांसारखं उंच दुसरं काही नाही, ती कुठूनही दिसते. ऊन चढलं. शेवटी नदीकाठी आंब्याचं एक जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याआड आबा पाय दुमडून बसले, डोकं थोडं डावीकडे घेतलं आणि म्हणाले, आता दिसत नाही. वाढ.

आईनं लांबून पाहिलं आणि विचारलं, "अवो, बिल्डिंग तुमाला दिसत नाही, का तुमी बिल्डिंगला दिसत नाही?"

आबांनी चार थालीपीठं खाल्ली. मीही खाल्ली. पण आईचं बोलणं त्यांना लागलं. झाडाआड लपून जेवणं म्हणजे पळवाट झाली, उद्यापासून नीट डोंगराआड जाऊ, असं ते परततानाच म्हणाले. निलेशना हेच हवं होतं. त्यांना डोंगराचं वेड, आणि त्यांच्याबरोबर चढायला मी कधी तयार नसते. त्यांनी रजा टाकली.

मग आमची सहल सुरू झाली. रोज पहाटे माझी पूजा आणि अध्याय उरकला की डबे भरायचे, आणि मधे डोंगर येईल अशा ठिकाणी जायचं. आबा काठी घेऊन पुढं. पांगाऱ्याची लाल फुलं कुठं सडा पडल्यासारखी पडलेली, करवंदीच्या जाळ्यांना हिरवी करवंदं लागलेली, आणि आबा कशाकडंही न बघता वळणावळणावर मागं बघून विचारायचे, दिसतंय का? निलेश म्हणायचे, दिसतंय मामा, अजून एक टेकडी. खरं तर कधीकधी दिसत नसायचं. निलेशना आपलं टोकावर जायचं असायचं. एकदा तर त्यांनी मोबाइलच्या टॉवरला बिल्डिंग म्हणून सांगितलं आणि आबांना आणखी अर्धा डोंगर चढवला. वर पोचल्यावर आबा इतके जेवले की डब्यात आईला लिंबाची फोडच उरली.

रात्रीचं जेवण स्टेशनाजवळच्या खानावळीत. आबा आणि निलेश जाऊन यायचे, मग मी पान घ्यायची. नेम माझा आहे, त्याचा गाजावाजा कशाला करायचा, म्हणून मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. आईनं मात्र ओळखलं होतं. ती एकदा पोळ्या लाटतालाटता मला म्हणाली, दोघं बापलेक एकाच मातीचे, मधी माझे पाय मोडले.

मीही डाव टाकून पाहिला. एक दिवस पूजेला शिऱ्याचा नैवेद्य केला, साजूक तुपातला, केळं घालून, चांगला पातेलंभर. आबा प्रसाद कसा नाकारतील? त्यांनी नाकारला नाही. तळहात पुढं केला, चमचाभर घेतला, डोळ्यांना लावून खाल्ला आणि हात पुसला. मी वाटी भरायला लागले तर म्हणाले, "प्रसाद मुठीत मावतो गं. पातेल्यात मावतो तो सैपाक."

महडला वरदविनायकाचं दर्शन घेतलं, तिथं महाप्रसाद पोटभर जेवले. तो देवाच्या घरचा. तिथून साजगावला विठोबाच्या पाया पडून सासूबाईंना भेटायला गेलो. त्यांनी आबांपुढं ताट आणलंच नाही. दारातच हसून म्हणाल्या, या व्याही, आज एकादशी ना? त्या दिवशी दशमी होती. आबा म्हणाले, हो, लागलीच म्हणायची.

एकादशी पार पडल्यावर आम्ही कोंडाण्याला गेलो. कर्जतहून रिक्षा केली आणि पायथ्याच्या गावातून लेण्यांची वाट धरली. वाट जंगलातून वर जाते. ओढा कोरडा पडलेला, दगड तापायच्या आत पोचायचं म्हणून आम्ही लवकर निघालो होतो. वाटेत मंगळी म्हणून वाडीवरची एक बाई कैऱ्या घेऊन बसली होती. तिच्या खोपीपाशी माठ होता. आबांनी तिला पाणी मागितलं आणि उभ्याउभ्या दोन तांबे रिचवले. तळाशी घोट वगैरे काही ठेवला नाही. आई मला म्हणाली, बघ, सगळ्या मुलखाचं पाणी चालतं. लेकीचंच तेवढं कडू.

मी हसले नाही. आईच्या ते लक्षात आलं. आबा आणि निलेश पुढं गेले होते, घर दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता, तरी आबांचं मागं बघणं चालूच होतं. आई एका दगडावर टेकली, मला बसवलं, आणि पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाली,

"त्यांना हेका आलाय असं समजू नको. मी मागंच म्हणले, सोडा आता ते खूळ, पोरीच्या हातचं खा. तर म्हणले, मी तिच्या घरचं खाल्लं, तर तिला वाटंल बापानं आशा सोडली."

एवढं बोलून ती उठली आणि चालायला लागली.

मी बराच वेळ मागं राहिले. नऊ वर्षं मला वाटत होतं की आबा माझ्या घराला अपुरं समजतात. आणि ते बिचारे माझ्यासाठी उपाशी राहत होते. आता मी त्यांना जेवा म्हणून आग्रह कोणत्या तोंडानं करायचा? आणि नाही केला तर हे असंच चालणार, आबा सत्तरीचे, एकादशा धरून येणार, डोंगरामागं जाऊन जेवणार. त्यात आणखी एक गोष्ट होती. मुलासाठी धरलेल्या सोमवारांचं उद्यापन मी मागच्या श्रावणात केलं होतं. निलेश आणि मी दोघांनीच. डॉक्टर झाले होते, देव झाले होते, आम्ही एकमेकांकडे पाहून ठरवलं होतं की आता मागणं पुरे. त्यानंतर घरात कसं हलकं वाटायला लागलं. पण हे मी माहेरी सांगितलं नव्हतं. म्हणजे आबा जी आशा उपाशीपोटी राखत होते, ती मी आठ महिन्यांपूर्वीच देवाच्या पायाशी ठेवून मोकळी झाले होते.

लेण्यात गार होतं. आबांनी दगडात कोरलेल्या कमानीकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, हे कोणाचं घर? निलेश म्हणाले, भिक्षू राहायचे. आबांना फार आवडलं. त्यांना लेकीबाळी नसतील, कुठंही जेवत असतील, म्हणाले. मी डबा उघडला, वांग्याची भाजी वाढली, पण जे बोलायचं होतं ते तिथं तोंडातून निघालं नाही.

उतरताना आबांचा पाय घसरला. फार नाही, पण गुडघा दुखावला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नारळाएवढा झाला होता. त्यांचा आमच्याकडचा तो शेवटचा दिवस. पेठचा किल्ला ठरला होता, डबे भरून तयार होते. आबा सोफ्यावर पाय लांब करून बसले आणि म्हणाले, किल्ला राहू द्या, मी नुसता खाली जाऊन पाणी पिऊन येतो.

तेव्हा कळलं की लिफ्ट बंद आहे. दुरुस्तीचा माणूस दुपारनंतर येणार होता.

निलेश खाली जाऊन कूलरची बाटली भरून घेऊन आले. आबांनी बाटलीकडे पाहिलं. ती उंबऱ्याच्या आत आली होती. बाहेर गेलं की वाटेचं, तर आत आलं की घरचं, उंबरा काही एकाच बाजूनं चालत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. निलेश मला आत येऊन म्हणाले की तुझा बाप कोर्टात पायजे होता. चैत्राचं ऊन गॅलरीतून आत सरकत होतं. आबांचे ओठ सुकले होते. मी लेप लावला, गुडघा शेकला. घड्याळात बारा वाजून गेले.

आईनं जेवून घेतलं. निलेशना मी बळंच बसवलं. मग आबांची नजर माझ्याकडं गेली.

"तू का बसली नाहीस गं?"

मी भूक नाही म्हणाले. आई ताट उचलत होती, ती थांबली.

"भूक नाही म्हणं. तिचा नेम हाये. घरातला पावना उपाशी असंल तर ती जेवत नाही. आल्या दिवसापासनं तुमच्या मागं डोंगर चढतीया, ती काय हौसेनं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग टेबलावरच्या बाटलीकडं पाहिलं. भांडणं मिटवणाऱ्या माणसाला दोन्ही बाजू खऱ्या असल्या की जसं होतं, तसं त्यांचं झालं. मग ते म्हणाले, तू सोड तुझा नेम. मी म्हणाले, तुम्ही सोडाल का तुमचा? ते म्हणाले, नेम मोडत नसतात.

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून जवळ जावं लागतं.

"मोडू नका, आबा. उद्यापन करू. मी माझ्या सोमवारांचं केलं मागच्या श्रावणात. मी आशा टाकून दिली नाही, देवाच्या हाती परत दिली. आता हे घर जेवढं आहे तेवढं भरलेलंच आहे. तुम्ही त्यात जेवत नाही, तेवढंच रिकामं राहतं."

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. निलेश उठून गॅलरीत गेले. आईनं ताट पुन्हा खाली ठेवलं.

मग आबांनी घसा साफ केला. निकाल देताना करायचे तसाच.

"उद्यापन करू म्हणतेस, ते बरोबर हाये. पण रीत काय सांगते? लेकीच्या घरी नातवंड असलं की जेवायचं. ती अट राहते."

मग आबा पुढं म्हणाले,

"पण नातवंड कुणाचं, ते रीतीत कुठं सांगितलंय? मी माझ्या आजोबांचा नातू हाये. आणि मी घरात हाये."

आई मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "सत्तर वर्षाचं बाळ हाये माझ्या लेकीच्या घरात. नऊ वर्षं झाली, आता आठवलं व्हय?"

आबा म्हणाले, सुचायला डोंगर चढावा लागतो.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. डबा उघडायला लागले तर आबांनी बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगितलं की डबा नको, ती वाटेची शिदोरी, ती निलेशला किल्ल्यावर जाऊन खाऊ दे. मला ताट वाढ. मी पाट मांडला, पण गुडघ्यामुळं खाली बसता येईना, तेव्हा टेबलाशीच ताट मांडलं. भोवती रांगोळीची एक रेघ ओढली. वरण, भात, वांग्याची भाजी, कैरीचं लोणचं, आणि त्या दिवशीच्या नैवेद्याची आठवण म्हणून मूठभर नव्हे, वाटीभर शिरा.

पण ताटाला हात लावायच्या आधी त्यांनी पाणी मागितलं. बाटलीतलं नको म्हणाले. तुझ्या माठातलं दे.

मी तांब्या भरून दिला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, वर करून सगळा प्यायला, आणि तळाशी काही राहिलं नाही ना, ते वाकून पाहिलं. मग जेवले. मला समोर बसवून जेवले, आणि त्यांनी पहिला घास घेतल्यावर मीही घेतला. त्या जेवणाची चव कशी होती ते मला सांगता येणार नाही, कारण वरणात मीठ घालायला मी विसरले होते आणि ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. आईनं रात्री सांगितलं. तिनं आमच्या आधीच खाल्लं होतं आणि ती मुद्दाम बोलली नव्हती.

आईआबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला खाली उतरले, तर पोपट जास्वंदीकडे बघत उभा होता. मला म्हणाला, ताई, बाबा परवापासनं पानी प्यायला आलंच नाय, झाड सुकलं बगा. मी म्हणाले, आता ते येणार नाहीत, त्यांना वरचं पाणी चालतं.

तेव्हापासून रोज सकाळी पूजा झाली की मीच खाली जाते आणि जास्वंदीला पाणी घालते. एकच घोट. नेम म्हणून नाही. उगाच.